सुधाकरचा जुना प्रोग्रॅम

दुपारी मॉनिटरवर अक्षरं उमटली, 'जोडलं एकदाचं!' शेजारी बसलेली मृणाल हसली. "असं कोण लिहितं प्रोग्रॅममध्ये?"

"सुधाकर," मी म्हटलं. "तुझ्या आधी तो याच खुर्चीत बसायचा. मागच्या वर्षी गेला."

तिचं हसू मावळलं.

आमचं काम कर्नेलवर, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या अगदी आतल्या गाभ्यावर. त्याच्या नेटवर्कच्या भागात आम्ही प्रोग्रॅमना नवी माहिती पुरवण्याची सोय करत होतो. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ती जुन्या माहितीच्या शेवटी जोडली. जुन्यांनी आपल्यापुरतं वाचावं आणि थांबावं. ते जमलं का, हे पाहायला सुधाकरचा प्रोग्रॅम चालवला होता. त्याने कर्नेलला नेहमीसारखं विचारलं, त्याला नेहमीसारखं उत्तर मिळालं. आपल्याला लिहिणारा गेला, हे त्याला कळायचं कारणच नव्हतं.

मला सुधाकरची आई आठवली. परवा भेटायला गेलो होतो, तेव्हा पानं वाढून झाल्यावर तिने सवयीने आतल्या खोलीकडे हाक मारली, "सुधा, ये रे जेवायला." मग तीच थबकली. भात निवत राहिला, आणि आम्ही दोघं उत्तराची वाट पाहत असल्यासारखे बसून राहिलो.