माझ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या शेवंताक्का

बातमी आली तेव्हा मी कोर्टाच्या व्हरांड्यात एका पक्षकाराला पुढची तारीख समजावून सांगत होते. फोन बिरूचा, शेवंताक्कांच्या मुलाचा. तो कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये कामाला असतो, एरवी दुपारी कधी फोन करत नाही. “ताई, आई गेली सकाळी,” एवढंच म्हणाला. मागं मशीनचा आवाज नव्हता, म्हणजे तो गावी पोचला होता. मी पक्षकाराला तारीख पुन्हा एकदा सांगितली, काळा कोट काढून हातावर घेतला... आणि शेजारच्या वकिलांना म्हणाले, “माझ्या विरोधी उमेदवार गेल्या.” त्यांनी चमकून पाहिलं. विरोधी उमेदवारासाठी बाई रडतेय, हे त्यांना कळेना. पण त्या क्षणी मला दुसरा शब्द सुचला नाही. आमची ओळखच तशी झाली होती.

आमच्या मतदारसंघातले जुने आमदार वयामुळं थांबले, तेव्हाची ही गोष्ट. त्यांच्या दोन मुलांत तिकिटावरून जुंपली. पक्षानं दोघांनाही बाजूला ठेवलं आणि मला बोलावलं. मी पोटगीचे आणि वारसाचे दावे चालवते, त्यामुळं गावोगावच्या बायकांना नाव माहीत होतं. मी उभी राहिले तर दोघा भावांपैकी कुणाचंच नाक कापलं जाणार नव्हतं, हे खरं कारण. समोरच्या पक्षानं मग ‘बाईसमोर बाई’ म्हणत शेवंताक्कांना उभं केलं. त्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातल्या, धनगराच्या घरातल्या. लग्नानंतर कितीतरी वर्षं नवऱ्याबरोबर मेंढरं घेऊन कर्नाटकात फिरलेल्या. नवरा रस्ता ओलांडताना ट्रकखाली गेला, तेव्हा बिरू कडेवर होता. त्यांनी मेंढरं विकून गावात शेती धरली, पुढं सरपंच झाल्या, मग जिल्हा परिषदेवर गेल्या. दोन बायका उभ्या म्हटल्यावर तालुक्यातल्या पुरुषांची चांगली करमणूक झाली. “आता कसला प्रचार? नळावरचं भांडाण बघाय मिळंल फुकाट,” असं टपरीटपरीवर चालायचं.

तसं भांडण झालं नाही. उलट प्रचारात मला त्यांचा हेवाच वाटायचा. हद्दीवरच्या गावांत मी भाषण करून घाम पुसत खाली उतरायची आणि दुसऱ्या दिवशी कळायचं, की माझ्यामागून अक्का येऊन गेल्या, भाषण केलंच नाही. दारादारांत उभं राहून कानडीत “ऊटा आतेनु?”, जेवण झालं का, एवढंच विचारत गावभर फिरल्या. मला कानडीतलं एक अक्षर येत नव्हतं. माझे कार्यकर्ते सांगायचे, “ताई, ती बाई जड जानार हाय.” मलाही तसंच वाटत होतं.

मतदानाला आठवडा राहिला असताना त्यांच्या पक्षाची मोठी सभा झाली. व्यासपीठावर त्यांचे एक बडे पुढारी होते. आमच्या भागातली बरीच गावं त्यांच्या शब्दावर मतदान करायची. ते बोलता बोलता माझ्यावर आले. मला आष्ट्याला दिलं होतं आणि चार वर्षांत मी घटस्फोट घेऊन माहेरी आले, हे सगळ्यांना माहीत होतं, पण आजवर कुणी जाहीर बोललं नव्हतं. ते म्हणाले, “जिला एक नवरा सांभाळता आला नाही, ती मतदारसंघ काय सांभाळणार?” लोक हसले. शिट्ट्या पडल्या.

मी त्या सभेला असणं शक्यच नव्हतं. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं चित्रण मी घरी, आईशेजारी बसून पाहिलं. खरं तर तिच्यासमोर लावायचं नव्हतं, पण तिनं आवाज ऐकला आणि जागची हलली नाही. चित्रणात पुढं दिसतं, की अक्का खुर्चीतून उठल्या, पदर खोचला आणि त्या पुढाऱ्यापुढं हात केला. “माईक द्या हिकडं.” पुढाऱ्यांना वाटलं, टाळ्या घ्यायला आल्यात. त्यांनी हसत माईक दिला.

“माझा नवरा मेला म्हणून तुमी मला बिचारी म्हणता,” अक्का बोलल्या. “तिनं आपल्या पायानं घर सोडलं, तर तिला नावं ठेवता. त्या घरात तिनं काय सोसलं, तुमाला ठावं हाय? मलाबी ठावं न्हाई. मग कशाला बोलायचं? आमी दोघी नवऱ्याच्या नावावर मतं मागाय आलोय व्हय? पान्यावर बोला, रस्त्यावर बोला. हेच बोलायचं आसंल तर मी खाली उतरते, तुमी उभं ऱ्हावा माझ्या जागी.”

सभा गार पडली. मग मागं बसलेल्या बायकांतून टाळ्या सुरू झाल्या, आणि पुढारी व्यासपीठाच्या पायऱ्या उतरताना दिसले... तिथं चित्रण संपतं. माझी आई घटस्फोटानंतर त्या विषयावर माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. ती एवढंच म्हणाली, “ह्या बाईला एकदा जेवायला बोलाव. निवडणूक झाल्यावर.”

पुढाऱ्याच्या गावांत नंतर अक्कांचा प्रचार थांबला. मतदानाच्या दिवशी त्यांच्या बाजूनं टेबल मांडायलाही तिथं कुणी नव्हतं. मतमोजणीत मी पहिल्यापासून मागं होते. त्या गावांची मतं उघडली आणि शेवटच्या फेऱ्यांत मी थोडक्यात निवडून आले. बाहेर गुलाल सुरू झाला. मी केंद्राच्या दारात येते तो समोर अक्का. अक्कांनी कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा काढला आणि माझ्या कपाळाला पिवळाधमक मळवट भरला. “माझ्यासाठी आनला हुता,” म्हणाल्या, “देवाचा हाय, वाया कशाला घालवू?” गुलालानं लाल झालेल्या त्या गर्दीत मी एकटी पिवळी.

निवडून आल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी त्या माझ्या कार्यालयात आल्या, बरोबर गावच्या दहा-बारा बायका. माझ्या एका कार्यकर्त्यानं हळूच विचारलं, “ताई, पडलेल्या उमेदवाराला आत घ्यायचं?” त्यांनी ऐकलं. “आरं, पडले म्हनून पानी प्यायचं सोडलंय व्हय मी? टँकर सांगाय आलीया.” तेव्हापासून सोमवार त्यांचा झाला. त्यांच्या भागातल्या मुलींना कॉलेजला यायला सकाळची एसटी नव्हती. त्यासाठी आम्ही दोघी मिळून आगारात गेलो. आगारप्रमुखांनी सत्ताधारी आणि विरोधक दोन्ही एकाच बाकावर बसलेले बघून आधी चहाच मागवला. गाडी सुरू झाली त्या दिवशी अक्का तिकीट काढून मुलींच्या गर्दीत उभ्यानं तालुक्याला आल्या आणि त्याच गाडीनं परत गेल्या. तालुक्यात काही काम नव्हतं.

म्हणून आमचं सगळं गोड होतं असं नाही. वनखात्यानं मेंढरांची चराई बंद केली तेव्हा मी “कागद बघते” म्हणाले. ते त्यांना पटलं नाही. मंगळवारी त्या धनगरांचा मोर्चा घेऊन माझ्याच दारात आल्या, मेंढरांसकट. माझ्या नावानं दिलेल्या घोषणांत सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. मी चहा सांगितला, तर म्हणाल्या, “आज मी विरोधक हाय. च्या भाईरच पाठीव.” चराईचा प्रश्न अर्धाच सुटला. त्यावरून त्या मला शेवटपर्यंत बोलायच्या, आणि ते बरोबरच होतं.

पुढच्या निवडणुकीत पक्षानं जुन्या आमदारांच्या धाकट्या मुलाला तिकीट दिलं. मी पुन्हा कोर्टात उभी राहिले. अक्कांना त्यांच्या पक्षानं विचारलंही नाही. तोवर त्यांचं दुखणं सुरू झालं होतं. शेवटची भेट मिरजेला, दवाखान्यात. हात काटकीसारखे झालेले, आवाज मात्र तोच. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं. “अक्का, त्या सभेत माईक घेतला नसता, तर आमदार तुम्ही झाला असता.”

“झाले आसते की,” त्या म्हणाल्या. “मग सोमवारी तू माझ्याकडं आली आसतीस का?”

मी लगेच हो म्हणू शकले नाही. त्यांना हसू आलं, हसता हसता खोकला आला. “न्हाई आली आसतीस. वकील लोकांचा मान लय मोठा आसतो. झालं ते बेस झालं.” मग डोळे मिटून पडून राहिल्या. बिरू पाणी घेऊन आला, मी उठले.

एक सांगायचं राहिलं. माझ्या कार्यालयात आल्या, की अक्का टेबलासमोर कधी बसल्या नाहीत. खुर्ची ओढून टेबलाला वळसा घालायच्या आणि माझ्या शेजारी, माझ्याच बाजूला येऊन बसायच्या. “समोर बसलं की मागाय आल्यावानी वाटतंय,” म्हणायच्या. आमदारकी गेली तरी सोमवारी त्यांच्या भागातले लोक माझ्या वकिलीच्या खोलीवर येत राहिले, आणि त्या खोलीतही एक खुर्ची माझ्या शेजारी, टेबलाच्या आतल्या बाजूला राहिली. त्या गेल्यावरही मी ती हलवली नाही. गेल्या सोमवारी त्यांच्या गावची एक म्हातारी एकटीच आली, विधवा पेन्शन बंद झाली म्हणून. मी समोरच्या खुर्चीकडं हात केला. तिनं ती बघितली, टेबलाला वळसा घातला आणि माझ्या शेजारी येऊन टेकली. गुडघे चोळत म्हणाली, “हितनं सांगितल्यालं लवकर हुतंय म्हनं. लिव्ह.”