रिकाम्या टँकचे आबा

आबा रिकाम्या टँकला खाऊ घालायचे. त्यांच्या दुकानात मासे असलेले टँक डाव्या भिंतीला आणि नुसतं पाणी असलेले उजव्या भिंतीला. रोज सकाळी ते आधी उजवीकडे वळत. दिवा लावत, चिमूटभर खाद्य पाण्यावर सोडत आणि पंगतीत यजमान उभा राहतो तसे, सगळ्यांना मिळालं ना हे पाहत उभे राहत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं. मग लक्षात आलं की त्या भिंतीजवळून जाताना आबा चप्पल काढून पाऊल न वाजवता चालतात. हसू तिथेच मावळलं.

"रिकामा नई शे, भाऊ," ते पाठमोरेच म्हणाले. "बठ्ठा मझारच शेतस."

सगळे आतच आहेत. सगळे म्हणजे कोण, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आबा मूळचे धुळ्याकडचे. सगळी नोकरी दीपनगरला, वीज केंद्रात पाणी तपासण्याची. निवृत्त झाल्यावर जळगावात घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी रंगीत माशांचं दुकान काढलं. गिऱ्हाइकाशी ते छापील मराठी बोलत आणि टँकशी अहिराणी. त्यामुळे ते अहिराणीत बोलले की आपण मागे सरकायचं असतं, हे मला हळूहळू कळलं.

मी त्यांच्याकडे गेलो तो वडिलांसाठी. आमच्या नानांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना काहीतरी हलतं द्या. मी त्याच संध्याकाळी बाजारातून काचेचा टँक आणि बारा मासे आणले आणि पलंगासमोर मांडले. नाना दिवसभर पाहत राहिले. मी खूश.

आता आमच्या गावाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. नळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो, आणि नळ आला की घरातलं आधीचं पाणी शिळं ठरतं. ते झाडांना घालायचं, हंडे घासायचे, ताजं भरायचं. मी आणि बायकोने टँकलाही तोच मान दिला. पाणी ओतून दिलं, वाळू धुतली, फिल्टरमधला स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र केला. औषधाचा वास येणारं ताजं पाणी काठोकाठ भरलं. आठव्या दिवशी बाराही मासे पोट वर करून तरंगत होते आणि नाना ते पाहत होते. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. जेवण दोन चमच्यांवर आलं. डॉक्टर मला बाहेर घेऊन हळूच म्हणाले की माणसाची इच्छाच नसेल तर औषध कुठवर पुरणार.

ही सगळी हकिगत ऐकून आबांनी एकच प्रश्न विचारला. स्पंज धुतला होता का? मी अभिमानाने सांगितलं, अगदी पांढरा. आबा स्टुलावर बसले, घरातलं कोणी गेल्यासारखे.

"बारा दिसले म्हणून बारा मोजलेत," ते म्हणाले. "बाकीच्यांचं काय?"

मग त्यांनी समजावलं. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते विष पचवणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत, ते स्पंजात, वाळूत, काचेवर वस्ती करतात. वस्ती बसायला पाच-सहा आठवडे लागतात. तोवर मासा सोडायचा नाही, आणि मुक्कामाला आलेल्यांना नळाच्या पाण्याने मारायचं नाही.

मासे त्यांनी दिलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी ते घरी आले ते प्लास्टिकच्या पिशवीत एक तपकिरी, बुळबुळीत स्पंज घेऊन. विरजण लावावं तसा तो त्यांनी आमच्या टँकमध्ये पिळला. पाण्यात काळपट ढग पसरला, जुन्या विहिरीतल्या गाळाचा वास सुटला. पिळताना आबा अहिराणीत काहीतरी पुटपुटत होते. नवी सून घरात घेताना म्हातारी माणसं बोलतात, तो सूर होता.

त्या न दिसणाऱ्यांसाठी रोज चिमूटभर खाद्य. दुसऱ्या आठवड्यात पाणी दुधासारखं पांढरं झालं. आबा दर गुरुवारी दुपारी येत, विष किती ते पाहायला काचेच्या नळ्यांत टँकचं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकत. एक नळी हिरवी होई, पुढे दुसरी जांभळी. "मंडळी येताहेत," ते समाधानाने म्हणत आणि खोलीभर नजर फिरवत. मीही फिरवायचो, उगाच. नाना खात नाहीत, निदान दोन तरी मासे सोडा, अशी मी गयावया केली. त्यांनी मला सरळ विचारलं, "पुन्हा तेच दाखवायचंय त्यांना?"

चौथ्या आठवड्यात पाणी काचेसारखं निवळलं, आणि एका दुपारी मी पाहिलं तर नानांचं तोंड टँककडे होतं. त्यांची बुबुळं डावीकडून उजवीकडे सावकाश जात होती, थांबत होती, परत येत होती. मी गुडघ्यांवर बसून त्यांच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. पाणी होतं. बुडबुडे होते, पण बुडबुडे वर जातात, ही नजर आडवी जात होती. आबांना सांगितलं. वाटलं, काही शास्त्रीय सांगतील. आबा नानांकडे हेव्याने पाहत राहिले.

"मला दीपनगरला होतो तेव्हापासून हे जमलं नाही," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात पारोळ्याहून माझी मोठी बहीण, अक्का, आली. शिळं पाणी, त्यात एक मासा नाही आणि आजारी माणसासमोर दिवा लावून ठेवलाय, हे काय अभद्र, असं म्हणून तिने मला झाडलं. त्यात नळ आला. मी मोटर लावायला गेलो तेवढ्यात अक्का बादली आणि तांब्या घेऊन टँकशी पोचली. टँकमधलं पहिलं तांब्याभर पाणी बादलीत पडलं, आणि पलंगावरून आवाज आला.

"पोरी, त्यासले मारू नको."

दोन महिन्यांत नानांचा हा पहिला शब्द. मी मोटर लावून दारात पोचलो होतो, मी ऐकला. अक्काने बादलीतलं पाणी गुपचूप परत टँकमध्ये ओतलं. त्यानंतर ती त्या खोलीत आली की पदर डोक्यावर घ्यायची. नानांसमोर तिने तो कधी घेतला नव्हता.

सहाव्या आठवड्यात एक नळी पिवळी राहिली, दुसरी फिकट निळी, म्हणजे विष उरलं नव्हतं. वस्ती बसली. आबांनी तीनच मासे आणले, लहानसे. ते जगले. नाना भाकरी मागू लागले, काठीवर उभे राहू लागले. पण त्यांची नजर माशांबरोबर फिरत नव्हती. मी आबांच्या कानाशी लागलो तर ते म्हणाले, "मासे तुमच्यासाठी असतात, भाऊ."

मग आबा दुपारचं दुकान बंद ठेवून नानांपाशी येऊन बसू लागले. दोन खुर्च्या, दोघे म्हातारे, नजर काचेवर. एकदा मी चहा घेऊन गेलो तेव्हा दोघांच्या माना एकाच वेळी डावीकडून उजवीकडे वळल्या. तिन्ही मासे दुसऱ्या कोपऱ्यात पाणवनस्पतीआड स्तब्ध होते. मग दोघे एकदमच हसले. मी चहा खाली ठेवून बाहेर आलो, आणि खरं सांगतो, दार ओढून घेतलं.

यंदा थंडीत आबा गेले. सकाळी दुकानात, उजव्या भिंतीशी, बसल्या बसल्या. मी स्मशानातून आलो, अंघोळ केली, नानांना कसं सांगायचं ते वाक्य मनात जुळवलं आणि खोलीत गेलो. नाना टँकसमोर बसले होते. मी "नाना, आबा" एवढंच म्हणालो.

काचेवरची नजर न काढता नाना म्हणाले, "हळू बोल."

शेजारची खुर्ची मोकळी होती. तिच्यात बसावं की नाही, हे मला बराच वेळ ठरवता आलं नाही. शेवटी मी नानांच्या दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसलो. मला अजून काही दिसलेलं नाही. पण त्या खोलीत मी आता हळूच बोलतो.