वाघ नसल्याचा दाखला

आमच्या घरात साधा कूलर घ्यायचा म्हटलं तरी आधी फाइल उघडते. यात माझा काही दोष नाही. तालुक्याच्या एका कचेरीत मी अठरा वर्षं लोकांचे अर्ज तपासते. खिडकीतून अर्ज आत येतो, मी त्यावर नजर फिरवते आणि न चुकता म्हणते, "त्रुटी आहे, पुढच्या सोमवारी या." (माझी पोरगी बोबडं बोलायची, तेव्हाही हे वाक्य मात्र स्पष्ट म्हणायची. लोक हसायचे, मला अभिमान वाटायचा!)

ही पोरगी म्हणजे जुई, वय वर्षं दहा. हिचे पाय जमिनीवर कमी आणि भिंतीवर जास्त. पाणी मागितलं तर हातांवर चालत स्वयंपाकघरापर्यंत जाणार, आणि तिथं गेल्यावर कळणार की ग्लास धरायला हातच मोकळे नाहीत. परीक्षा संपल्या आणि तिचे खेळाचे सर गोंडपिपरीला आमच्या घरी आले.

"ताई, पोट्टीच्या अंगात हाडच नाई! जिम्नॅस्टिकच्या कॅम्पले पाठवा हिले. दहा दिवस तिथीच राहाचं, तिथीच खाचं."

त्यांनी तीन पत्रकं टेबलावर ठेवली. एक कॅम्प नागपूरचा, एक चंद्रपूरचा आणि एक धानोऱ्याकडचा, जंगलातल्या शाळेत.

"मले तं त्या..." जुईनं तोंड उघडलं.

"थांब! तुझा रकाना शेवटी," मी म्हटलं आणि कागदावर पट्टी ठेवून रेघा मारायला घेतल्या.

तुलनात्मक तक्ता! त्याशिवाय निवड म्हणजे अंधारात दगड मारणं. कॅम्प तीन, रकाने चार: ऊन, जेवण, वाघ आणि निवास. (वाघाचा रकाना पाहून पुण्याची माझी मावसबहीण फोनवर अर्धा तास हसली. तिच्या कॉलनीत वाघ येत नाही, तिला काय कळणार?) प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण. भरायचं काम मास्तरांना दिलं. मास्तर म्हणजे माझे यजमान, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि घरात सांगितलं तेवढंच करतात.

संध्याकाळी बेरीज केली तर धानोरा पहिला आणि नागपूर सगळ्यांत शेवटी!

"अहो, असं कसं? नागपूरला एवढा मोठा हॉल, गाद्या, पंखे!"

"वाघाच्या रकान्यात शून्य मिळाला न नागपूरले," मास्तर शांतपणे म्हणाले. "तिथी वाघ कुठी हाये? धानोऱ्याले म्या आठ देल्ले."

"वाघ नसला तर दहा द्यायचे होते!"

"मंग तसं लिहाचं. मले काय माहीत वाघ पाह्यजे का नको!"

तक्ता फाडला. दुसरा केला. आता नागपूर पहिला आला. तेवढ्यात सासूबाईंनी पत्रक डोळ्यांजवळ नेलं. "तिसऱ्या माळ्यावर झोपवतेत म्हनते. माय वं! पडली तं पोरगी?"

"आई, ती पडाचंच शिकाले जाऊन राह्यली तिथी," मास्तर म्हणाले.

"चूप रे तू!"

निवासाचे नागपूरचे गुण कापले, तर चंद्रपूर पहिला. पण मे महिन्यात चंद्रपूरला पोरगी पाठवायची म्हणजे गच्चीवर पापड वाळत घालणं. तिसरा तक्ता. चौथा तक्ता. रकाने चाराचे अकरा झाले. दूध वेगळं, डास वेगळे, फोनची रेंज वेगळी. प्रत्येक तक्त्यात वेगळाच कॅम्प पहिला येत होता, आणि मी एकदा हो म्हटलेल्या कॅम्पला दुसऱ्या दिवशी नाही म्हणत होते. एक ना धड, भाराभर चिंध्या!

"आई, मले तं पहिल्यापासून..." जुई मधूनमधून म्हणायची.

"शेवटी, जुई! शेवटी!"

आठवड्याभरात नागपूरच्या जागा भरल्या. मी तक्त्यावर रेघ मारून 'विषय निकाली' असं लिहिलं. चार दिवसांनी चंद्रपूरच्याही भरल्या. तोही विषय निकाली! मला वाटलं, पोरगी आपोआप विसरेल. विसरली नाही. तिनं हातांवर चालणंच सोडलं. दोन दिवस ती साध्या पोरींसारखी पायांवर चालली, जेवली, ताट उचललं आणि जाऊन झोपली. घर कसं सुनं सुनं वाटायला लागलं. मास्तर एरवी तोंड उघडत नाहीत, ते म्हणाले, "अवं, धानोऱ्याच्या दोन जागा बाकी हायेत. शनिवारी बाराच्या आत अर्ज नेऊन द्याचा अन् पोरगीले तिथीच सोडाचं. यंदा नाई गेली तं हे पोट्टी आपल्याले आयुष्यभर आयकवन."

"स्थळपाहणी केल्याशिवाय नाही," मी म्हटलं. पण गाडी सांगितली.

शनिवारी पहाटेच निघालो. सासूबाई, मास्तर, जुई, तिची बॅग, माझी फाइल. तीन तासांत पोचायच्या गप्पा होत्या. पण चामोर्शीच्या अलीकडे सासूबाईंनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "पोट्टी एवढी जंगलात चालली, मार्कंड्याले हात न जोडता जाचं का बाप्पा?" देवाला नाही कोण म्हणणार? दर्शन झालं, नारळ झाला, मग प्रसादाचं खोबरं आमच्यापैकी कुणाला किती, यावर चर्चा झाली. पुढे रस्त्याच्या कडेला तेंदूपानांचे पुडे वाळत मांडलेले, ते चुकवत गाडी चाललेली, आणि जुई मागच्या सीटवर एकसारखी घड्याळ विचारतेय. पोचलो तेव्हा बाराला वीस मिनिटं होती.

मोहाच्या सावलीत मैदान, त्यावर गाद्या अंथरलेल्या. कोच म्हणजे जवळच्याच गावची पंचविशीतली मुलगी, रंजना मॅडम. मी फाइल उघडली आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"इथं आसपास वाघ नाही, असा दाखला हवा."

"बाई, असा दाखला कोन देते?"

"जो सक्षम अधिकारी असेल तो."

"मंग वाघालेच मागा लागन," त्या म्हणाल्या. "कुंपन हाये, रात्री दोघं जागे राहतेत, अंधार पडल्यावर पोरायले बाहेर सोडत नाई. याच्यावर मी काय लिहून देऊ?"

मी डासांवर आले. डासांवरून दुधावर. बाराला दहा कमी. मास्तर घड्याळाकडे बघून घाम पुसत होते. तेवढ्यात जुईचा धीर संपला. ती धावत गेली, गादीवर दोन कोलांट्या मारल्या आणि हातांवर उभी राहिली, पाय सरळ आभाळात! आणि तिच्या पँटच्या खिशातून एक भलामोठा कांदा पडला आणि गडगडत मॅडमच्या पायाशी जाऊन थांबला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! सासूबाईंनी ऊन लागू नये म्हणून ठेवला होता. मॅडमनी कांदा उचलला, निरखून पाहिला आणि स्वतःच्या ट्रॅकपँटच्या खिशातून आपला कांदा काढून शेजारी धरला.

"आजी, तुमचा मोठा हाये," त्या म्हणाल्या.

"अवं, हे तं आपलीच पोरगी हाये!" सासूबाई ओरडल्या. "ठेवा वं बाई पोट्टीले इथीच!"

माझ्या अकरा रकान्यांचा निकाल एका कांद्यानं लावला. मी मुकाट्यानं अर्ज भरला, सही केली, मास्तरांची सही घेतली, सवयीनं दोनदा तपासला आणि दिला. मॅडमनी तो पाहिला आणि परत केला.

"बाई, एक रकाना रिकामा राह्यला."

अठरा वर्षांत माझ्या हातून रकाना रिकामा राहिलेला नाही! पाहिलं तर खाली छापलं होतं: 'मुला-मुलीची स्वतःची इच्छा, त्याच्या किंवा तिच्या अक्षरात.'

जुईनं पेन जवळजवळ ओढूनच घेतला. गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं: 'मले पहिल्या दिवसापासून इथीच यायचं होतं. सांगू देत नव्हते.'

बाराला दोन मिनिटं कमी होती. ते वाचून मास्तर मोहाच्या झाडाकडे बघायला लागले. खरं सांगते, मला कॅम्प निवडायचाच नव्हता हो! दहा दिवस पोरगी डोळ्यांसमोर नसणार, म्हणून मी नुसता वेळ काढत होते. रकाने वाढवले की तारीख निघून जाते, एवढं तर नोकरीनं शिकवलंच आहे. जुई मात्र मला टाटा करायलाही पायांवर आली नाही. उलटी उभी राहून एक पाय हलवला.

बुधवारी मला राहवेना. तिथं रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, तरी मी सकाळपासून नऊ वेळा फोन लावला. संध्याकाळी मॅडमचा आला.

"बाई, पोट्टी मजेत हाये. दोन पोळ्या जास्त खाऊन राह्यली."

"तिला एकदा फोनवर द्या ना. नाहीतर असं करते, उद्या सकाळी मीच येते भेटायला. अर्धा तास फक्त!"

मॅडमनी जुईला हाक मारली. पलीकडे कुजबुज झाली, दोघी खूप हसल्या. कॅम्प सोमवारी संपत होता, हे मला ठाऊक होतं. पण त्या कारटीनं फोन घेतला आणि एकदम स्पष्ट आवाजात म्हणाली,

"बाई, तुमच्या अर्जात त्रुटी आहे. पुढच्या सोमवारी या."

फोन बंद झाला. मी खिडकीपुढच्या माणसांसारखी "बरं बाई" म्हणाले, तेही बंद फोनला.