रिकामी पाकिटं मागणारे काका

गिऱ्हाइकावर खेकसणारा आणि तरीही गिऱ्हाईक न तुटणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. मुलुंडला आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर त्यांचं औषधांचं दुकान होतं. तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि पाठीमागे हेडमास्तर. ब्लडप्रेशरच्या गोळ्या हव्या असतील तर आधीचं रिकामं पाकीट दाखवायचं, मगच नवं मिळायचं, असा त्यांचा नियम. पाकिटात गोळ्या उरलेल्या दिसल्या की चष्मा कपाळावर चढवून सगळ्यांदेखत मोजायचे. "चार उरल्यात. चार दिवस काय प्रेशरला सुट्टी दिली होती?"

"प्रेशर ओरडत नाही ना, म्हणून मला ओरडावं लागतं," असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या सावंतकाकूंनी चतुर्थीच्या उपासाला गोळी टाळली, तर त्यांना म्हणाले, "अहो, तिच्यात कांदा-लसूण नाही. गणपती रागावणार नाही, मी रागावेन!" ज्याला गोळीची आठवण राहत नसे, त्याला सांगत, "सकाळचा चहा विसरता का कधी? मग बशीत ठेवा गोळी." आवाज मोठा, पण आत नुसती माया होती.

आमचे अण्णा मात्र कुणाला जुमानणारे नव्हते. डोकं जड झालं तरच गोळी. "माका काय्येक होणा नाय, मगे गोळी कित्याक?" म्हणत पेपर उघडायचे. दुकानात जायचो मी आणि बोलणी खायचो मी. सव्वीस वर्षांचा, नुकताच कचेरीत चिकटलेला, कडक इस्त्रीचे कपडे घालून मिरवणारा. एकदा चाळीतल्या चार जणांसमोर काकांनी विचारलं, "अरे, बापाला रोज एक गोळी देता येत नाही तुला?" माझे कान तापले. घरी येऊन अण्णांशी भांडायला हवं होतं. ते मी केलं नाही.

पुढच्या महिन्यात दुकानाच्या अलीकडे गटारापाशी थांबलो आणि उरलेल्या नऊ गोळ्या अंगठ्याने एकेक करून खाली पाडल्या. काकांनी रिकामं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "शाब्बास रे! बघा, याला म्हणतात मुलगा." लाज वाटायला हवी होती. मला चक्क बरं वाटलं. मग दर महिन्याला तेच सुरू झालं. डॉक्टरांकडे प्रेशर चढलेलंच निघालं तेव्हा काका बुचकळ्यात पडले. "रोज घेतात ना रे?"

"हो तर, काका."

वर्षभराने एका सकाळी अण्णा दाढी करताना कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. काका दुकान बंद करून हॉस्पिटलात आले आणि अण्णांचा हात हातात घेऊन बसून राहिले. मग मला बाहेर बोलावून हळूच म्हणाले, "दुपारचं ऊन येतं रे माझ्या कपाटावर. गोळ्याच बिघडल्या असतील. नाहीतर रोज घेऊन असं कसं होईल?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मी आत अण्णांपाशी परत गेलो.

काकांनी त्या गोळ्यांचा सगळा साठा परत पाठवला. घरोघर जाऊन लोकांची पाकिटं बदलून दिली. कपाट दुसऱ्या भिंतीला लावलं. आणि त्यांचं ओरडणं बंद झालं. लोक अर्धी भरलेली पाकिटं घेऊन येत आणि ते न मोजताच नवं काढून देत. "हेडमास्तर मवाळ झाले हो," सावंतकाकू म्हणाल्या. त्यांनीही पुन्हा उपासाला गोळी सोडली होती. मी ते ऐकलं आणि जिना चढून घरात गेलो.

दोन वर्षं अंथरुणावर काढून अण्णा गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत काकांनी दुकान बंद केलं आणि ते लेकीकडे नाशिकला निघाले. त्या सकाळी मी सगळं सांगायचंच ठरवून, शब्द जुळवून गेलो. फळ्या अर्ध्या लावलेल्या, आत ते एकटेच खुर्चीवर. मला पाहून उठले आणि त्यांनी चक्क हात जोडले. "तुझ्या वडिलांच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली रे. मला माफ कर."

मी त्यांचे जोडलेले हात धरले आणि म्हणालो, "काका, मी केव्हाच माफ केलंय."