दोन रोट्यांचं कूपन

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या आमच्या गल्लीत बारसं असो की तेरवी, रोट्या कुसुमताईंच्याच असायच्या. लांब रोट्या. उपड्या घातलेल्या मोठ्या मडक्याखाली जाळ आणि मडक्यावर रुमालासारखी पातळ, हातभर रोटी. तिला पोळपाट-लाटणं लागत नाही. परातीत सैल भिजवलेली कणीक पाणी लावून लावून आपटायची, ओढली तरी तुटू नये इतकी. मग गोळा तळव्यावर घेऊन या हातावरून त्या हातावर झुलवायचा. झुलता झुलता तो मनगट ओलांडतो, कोपरापर्यंत येतो, आणि मग एका झटक्यात मडक्यावर.

मी लहान होते तेव्हा हे काम दोन जावा मिळून करत. कुसुमताई आणि त्यांची धाकटी जाऊ, शामलाकाकू. अंगणात दोन मडकी शेजारी शेजारी मांडलेली असत. शाळेतून येताना आम्ही फाटकाशी थांबायचो, कारण उरलेल्या कणकेची शेवटची रोटी गूळ लावून आम्हाला मिळायची. धुराचा आणि भाजलेल्या गव्हाचा तो वास दप्तराला लागून घरापर्यंत यायचा.

दोघी बोलायच्या कमी आणि भांडायच्या जास्त.

"बाई, तुमची रोटी जाड होऊन राहिली," शामलाकाकू म्हणायची.

"माही जाड रोटी खाऊनच तुहा नवरा एवढा झाला वं. त्याले विचार."

ते खरंच होतं. उमरेडकडच्या एका गावातून कुसुमताई लग्न होऊन आल्या तेव्हा घरात सासू नव्हती आणि धाकटा दीर जितेंद्र सहा वर्षांचा होता. त्याचं शिक्षण, पुढे गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानातली नोकरी, लग्न, सगळं त्यांनी रोट्यांवर केलं. स्वतःचा नवरा गेल्यावरही मडकं दहा दिवसच थंड राहिलं.

सात वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, शामलाकाकूचा दंड तापल्या मडक्याला टेकला आणि टेकलेलाच राहिला. कुसुमताईंनी झडप घालून तिचा हात ओढला, तेव्हा कातडी भाजून निघाली होती आणि ती विचारत होती, "काहून ओढता?"

तिला काही जाणवलंच नव्हतं.

मग उजवा पाय ओढू लागला. एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या. कुणी वात म्हटलं, कुणी नजर म्हटलं. वर्षभर तेल, लेप आणि अंगारे झाल्यावर डोक्याचा फोटो निघाला आणि आजाराला नाव मिळालं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीर आपल्याच नसांवरचं आवरण खातं, डॉक्टर म्हणाले. बरा होणार नाही, पण औषधानं थोपवता येईल. उन्हानं, धगीनं त्रास वाढेल, म्हणून गरम हवेपासून दूर राहायचं. नागपुरात राहणाऱ्या माणसाला हे सांगितलं तेव्हा जितेंद्रकाका हसले म्हणे. मग दवाखान्याच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले.

औषध वर्षातून दोनदा, सलाईनमधून द्यायचं. पहिल्या वेळी दागिने गेले, दुसऱ्या वेळी स्कूटर. तिसऱ्या वेळेसाठी घरात विकण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तेव्हा आमच्या महिला मंडळाच्या मिनलताईंनी सुचवलं की कुसुमताईंच्या रोट्यांचं सहायतार्थ भोजन ठेवू. एका कूपनवर दोन रोट्या, पाटवडीचा रस्सा आणि भात.

शामलाकाकूनं एकच अट घातली. "फोटो लावायचा नाही. मले स्टेजवर बसवायचं नाही. घरी कोणी पाहाले येऊ नये. लोक येतात, बिचारी म्हणतात, चहा पिऊन जातात. तसं झालं तं मी दवा घेणार नाही, आताच सांगून ठेवते."

"कोणी नाही येत वं," कुसुमताई म्हणाल्या. "माही जबान आहे."

जानेवारीतल्या एका रविवारी मंगल कार्यालयात भोजन ठरलं. तीनशे कूपनं खपली होती. बोर्डावर नुसतं लिहिलं होतं, 'एका भगिनीच्या उपचारासाठी'. मी रस्सा वाढायला होते. कुसुमताई पहाटेपासून मडक्यापाशी होत्या. अकराच्या सुमारास पहिली पंगत बसली आणि त्या पदराला हात पुसत सहज पाहायला आल्या.

तिथेच घोटाळा झाला. आयुष्यात त्यांनी कुणाला दोन रोट्यांवर उठताना पाहिलं नव्हतं. आमच्याकडे पानावरच्या माणसाचं 'नको' कुणी मनावर घेत नाही. त्यांनी चळत हातात घेतली आणि पंगतीतून फिरू लागल्या.

"घ्या गा भाऊ, लाजता काहून? एवढ्याशा रोटीनं का होते?"

"ताई, कूपन दोनचं आहे," मिनलताई कानाशी येऊन म्हणाल्या. "हे लग्न नाही, मदतीसाठी आहे."

"जेवण तं जेवणच असते ना, माय."

एक वाजता कणीक संपली. नवी कणीक रोटीजोगी व्हायला तीन तास तरी लागतात. बाहेर ऐंशी-नव्वद माणसं हातात कूपन घेऊन उभी होती. मिनलताईंनी कपाळाला हात लावला आणि पैसे परत करण्याची भाषा सुरू केली. तेवढ्यात कुसुमताई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"पैसे परत भेटणार नाही," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "पण उपाशीही ठेवणार नाही. रविवारी घरी येजा. या रविवारी नाही जमलं तं पुढच्या." आणि त्यांनी पत्ता सांगितला, अंगणातल्या कडुनिंबासकट.

सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मी जवळ होते. त्या माझ्याकडे पाहत हळूच म्हणाल्या, "हे का करून बसली वं मी?"

शामलाकाकूनं त्या दिवसापासून कुसुमताईंशी बोलणं टाकलं. औषधाची तारीख फेब्रुवारीतल्या एका मंगळवारची होती. पैसे जमले होते. ती जितेंद्रकाकांना एवढंच म्हणाली, "मी दवाखान्यात येणार नाही. तुमच्या वहिनीले सांगून द्या."

कितीतरी लोकांनी कूपनं फाडून टाकली, आमचं पोचलं म्हणाले. पण काही खरंच आले. कुसुमताईंनी मधल्या दाराला जुन्या साडीचा पडदा लावला होता. फाटकापाशीच त्या प्रत्येकाला सांगत, "जेवा बिनधास्त, पण आतल्या माणसाबद्दल काही विचारू नका." मग पाहुणे अंगणात इतके गुपचूप जेवत की चावल्याचाही आवाज येई. मी दोन रविवार वाढायला गेले.

तारखेच्या आधीच्या रविवारी महादेवराव आले. सीताबर्डीला मोबाईलच्या कव्हरांचा ठेला लावणारे, साठीचे, गप्प बसण्याची सवय नसलेले. आतल्या माणसाबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. तिसरी रोटी घेताना ते सहज म्हणाले, "ताई, आधी तुमच्यासंगं एक बाई राहायची ना? आमच्या पोरीच्या लग्नात दोघी होत्या तुम्ही. राग नका मानू, पण रोटी तिची. आरपार दिसे. ती कुठं गेली?"

कुसुमताईंचे हात थांबले. गोळा तळव्यावर तसाच लोंबत राहिला. जितेंद्रकाका पाण्याचा जग धरून उभे होते, ते जमिनीकडे पाहू लागले.

"भाऊ," पडद्यामागून आवाज आला, "पोरगी दर्यापूरकडे दिली ती का? वरात दोन तास लेट आली होती?"

"अडीच," महादेवराव म्हणाले. "बरोबर. तुम्हीच का त्या?"

"मीच. अडीच तास कणीक ताजी ठेवता ठेवता हात गळून गेले होते." मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "आन बाई, तुम्ही कणीक आज नीट आपटली नाही. इथून आवाज येऊन राहिला बसका."

महिन्याभरात तिनं कुसुमताईंशी काढलेलं हे पहिलं वाक्य होतं.

"तुले आवाजावरून समजते काय?" कुसुमताई म्हणाल्या. "एवढी हुशार तं बाहेर येऊन दाखव."

जितेंद्रकाकांनी पडदा सारला. शामलाकाकू वॉकर धरून, एकेक पाऊल मोजून आली. जाळापासून लांब, कडुनिंबाच्या सावलीत, मानेवर ओला पंचा टाकून खुर्चीवर बसली. महादेवरावांनी वॉकरकडे एकदा पाहिलं आणि नमस्कार केला. बिचारी वगैरे काही ते म्हणाले नाहीत. वरातीतल्या बँडवाल्याची तक्रार करत राहिले. कुसुमताईंनी कणीक पुन्हा परातीत घेतली. "पाणी लावा. अजून. आता थांबा," शामलाकाकू सांगत होती आणि त्या निमूट ऐकत होत्या. त्यांना असं निमूट मी पहिल्यांदाच पाहत होते.

मंगळवारी दवाखान्यात दोघीही गेल्या. सलाईन लावताना नर्सनं फॉर्म भरायला घेतला आणि विचारलं, "काय काम करता?"

कुसुमताई 'गृहिणी लिहा' म्हणायला पुढे झाल्या, पण शामलाकाकू आधीच बोलली होती.

"रोट्या करते. लांब. हात सध्या माह्या जावेचे आहेत."