अण्णांना मी पास केलं

आमच्या घरात परीक्षा पास झालेली माणसं दोनच. बी.एस्सी.ला मी आणि डोळ्यांच्या तपासणीत माझे वडील, अण्णा. त्यातला अण्णांचा निकाल खोटा होता, आणि कॉपी मी पुरवली होती!

अण्णा तीस वर्षं नारायणगाव ते मढ वडापची (माणशी भाडं घेऊन पॅसेंजर नेणारी) जीप चालवत होते. एकदा डाव्या अंगाला दुधाचा कॅन उडवला, मग एक उभी मोटारसायकल. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू वाटतोय, नजरेचा घेर तपासू. मशीनवर हनुवटी टेकायची, मधल्या दिव्यावर नजर रोखायची, कडेला कुठं ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं.

"काका, डोळा हलवू नका," तपासणाऱ्या मॅडम चारदा म्हणाल्या.

"आवो ताई, मधी काय बघू? पॅसेंजर कडंलाच हात करतो!"

निम्मे ठिपके सुटले; सुटले तिथं कागदावर काळं उमटलं. मॅडम म्हणाल्या, जरा दम घ्या, परत करू. घरात ग्रॅज्युएट असताना बाप नापास! बाहेरच्या बाकड्यावरच मी क्लास घेतला (बिनफीचा). "अण्णा, ठिपका म्हंजे पॅसेंजर. एक बी सोडायचा नाय. डोळं फिरवा, हुडका!"

अण्णांनी हुडकले. कागद जवळजवळ कोरा, काळं नावालाच!

"हे धरू नका," मॅडम म्हणाल्या. "नजर फिरवली की न दिसणाऱ्या जागेतलंही दिसल्यासारखं येतं. पुढच्या आठवड्यात या."

"मॅडम, मी सायन्स ग्रॅज्युएट आहे," मी म्हणालो आणि पेढे घेऊन घरी आलो!

तो पुढचा आठवडा वर्षानं उजाडला. एका वळणावर अण्णांना डावीकडून आलेली म्हातारी दिसलीच नाही. (वाचली. पाय मोडला.) या वेळी मॅडम अण्णांच्या बुबुळावर पहारा ठेवून बसल्या. कागदाची डावी बाजू डांबरासारखी काळी.

"गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "वर्षापूर्वी थेंब सुरू केले असते तर..." अण्णांनी जीपची किल्ली माझ्या हातात ठेवली.

हा आजार घराण्यात उतरतो म्हणून मलाही मशीनवर बसवलं. मधल्या दिव्याकडं बघायचं, एवढंच तर होतं! पण ठिपका लुकलुकला की डोळा आपला पळालाच. निकाल: भरवशाचा नाही, परत करा.

बाहेर अण्णा मान पुरती डावीकडं वळवून मला शोधत होते.

"काय रं, झालास का पास?"

"परत बसायला सांगितलंय, अण्णा."

"मंग बस. आन् मधीच बघ. नशीब तुझं, तुला शिकवाया घरात कुणी ग्रॅज्युएट न्हाई!"