देवाचा पेंढा आणि म्हशीच्या पोटातला चुंबक

माझ्या सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत कळलं होतं. तरी मी वाद घातला, कारण प्रश्न म्हशीच्या जिवाचा होता.

सासूबाई म्हणजे इंदुबाई. त्यांचं माहेर पेणजवळच्या खारेपाटातलं, बाप मिठागरावर कामाला. खांबजवळच्या आमच्या वाडीत लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना भाताची लावणीही येत नव्हती. पुढच्याच पावसाळ्यात त्या जुन्या बायकांना लावणी शिकवायला लागल्या, असं शेजारची शांतीकाकू अजून हसत सांगते. नवरा लवकर गेला. गोठ्यातल्या एका म्हशीच्या जोरावर त्यांनी सखाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लहानाचा मोठा केला. दूध हायवेवरच्या चहाच्या टपरीवर जायचं. इतकी वर्षं इकडे काढली तरी 'मला'चं 'मना' सुटलं नाही, आणि धरलेला हट्टही कधी सुटला नाही.

तर तो पेंढा. आमच्या वाडीचे सगळे गणपती पेणहून एकाच टेम्पोत यायचे. मूर्तींना धक्का लागू नये म्हणून खाली आणि मधे भरपूर पेंढा कोंबलेला असायचा. मूर्ती घरोघर गेल्या की तो पेंढा वाटून घ्यायचे. देव ज्यावर बसून आला तो पेंढा पायदळी येता कामा नये, म्हणून तो गुरांना घालायचा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, वाईट काहीच नाही.

वाईट एवढंच, की मी पेणची. माझ्या बापाचा रामवाडीत गणपतीचा कारखाना. मूर्तीच्या हाताला आतून तार असते, पाटाला खिळे असतात, आणि कापलेल्या तारेचे तुकडे, वाकलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, सगळं खाली पसरलेल्या पेंढ्यातच पडतं, आणि तोच पेंढा टेम्पोत भरला जातो. हे मी लहानपणापासून अनवाणी पायांनी शिकले होते. पहिल्याच वर्षी मी सासूबाईंना म्हटलं, "आई, त्यात खिळे असतात."

"देवाच्या पेंढ्यात?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच खिळे घालून आणले होते.

मी बापालाही सांगून पाहिलं. तो म्हणाला, "सीझनला जेवायला वेळ नाय, आता काय पेंढा चाळत बसू?" दोन्हीकडून माझंच तोंड बंद.

शहाण्णव सालच्या गणपतीनंतर आमच्या चांदीनं खाणं सोडलं. कपाळावर पांढरा टिक्का म्हणून ती चांदी. पाठ कमानीसारखी वर, पुढचे पाय फाकवून उभी, उतारावर पाय टाकला की कण्हायची. रवंथ बंद, दूध बंद. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मी म्हटलं, खिळा गिळलाय. त्या म्हणाल्या, दृष्ट शांतीची. शांतीकाकू तेव्हा दारातच उभी होती.

शेवटी सखा रोह्याहून ढोरांच्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी चांदीला तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पेंढ्यात लोखंड होतं का?" मी सासूबाईंकडे बघितलं. त्या आढ्याकडे बघत होत्या.

डॉक्टरांनी समजावलं की गुरं चावून खात नाहीत, आधी गिळतात. लोखंड जड, ते दुसऱ्या पोटात जाऊन बसतं, आणि त्याच्या पुढे दोन बोटांवर काळीज. मग त्यांनी पिशवीतून बोटाएवढी चकचकीत कांडी काढली. चुंबक! जवळ ठेवलेली कात्री टणकन उडी मारून त्याला चिकटली, ती ओढून काढताना डॉक्टर लालबुंद झाले. सासूबाईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरला आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"हा साधा काळा चुंबक नाही," डॉक्टर म्हणाले. "दुर्मिळ मृदा म्हणतात त्या धातूंपासून होतो. पोरं कानात घालून गाणी ऐकतात ना, त्या एवढ्याशा यंत्रात याचाच कपटा असतो. कॉम्प्युटरमध्येही असतो. नवीनच निघालाय."

"मृदा म्हंजे माती ना? मग शाडूची का?" सासूबाईंनी विचारलं. डॉक्टर पिशवीतून नळी काढायला लागले. शहाणा माणूस.

चुंबक नळीतून चांदीच्या घशाखाली गेला. तो जन्मभर तिथेच राहणार, लोखंड स्वतःला चिकटवून ठेवणार. पुढचे पाय उंचावर ठेवायचे म्हणून सखानं गोठ्यात फळ्यांचा चौथरा केला. इंजेक्शनं झाली. हळूहळू चांदी रवंथ करायला लागली. जाताना डॉक्टर बजावून गेले, "पुन्हा असा पेंढा घालू नका. चुंबक भरला की भरला."

यातलं सासूबाईंनी काय ऐकलं असेल? म्हशीच्या पोटात चुंबक आहे, एवढंच. सखाला रोह्याच्या बाजारातून खेळण्यातलं होकायंत्र आणायला लावलं. येईल त्या बाईला गोठ्यात नेऊन त्या ते चांदीच्या छातीला लावायच्या. काटा गर्रकन फिरायचा, बाई हात जोडायची. मी आत भाकऱ्या थापत दात-ओठ खायची.

पुढच्या वर्षी गणपती आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात पेंढ्याचे भारे! आधी शांतीकाकूचा, मग खालच्या आळीचा, मग सगळ्यांचाच.

"आमच्या गायीला काय झालं तर?" शांतीकाकू म्हणाली. "तुमच्या चांदीला लोखंड पचतंय."

आणि सासूबाईंनी तो पेंढा घेतला! देवाचा पेंढा दारात आला, त्याला नाही कसं म्हणायचं? चांदी तेव्हा गाभण होती, दिवस भरत आले होते. आतलं वासरू रेटा देणार, पोटातलं लोखंड पुढे सरकणार. अख्ख्या वाडीचे खिळे एका गाभण म्हशीच्या पोटात! मी ओरडले, रडले, सखाला बोलले. सखा म्हणाला, "आईला तू सांग." त्याच्यासारखा दुसरा शूर वाडीत नाही.

मी भाऱ्यांवर ताडपत्री ओढली, वर पाटा ठेवला, आणि मिळेल त्या एसटीनं रोहा गाठलं. डॉक्टरांच्या हातापाया पडून तसलाच दुसरा चुंबक आणला. परत आले तर ताडपत्री निघालेली, पाटा बाजूला, आणि सासूबाईंच्या कवेत पेंढा. गव्हाणीपाशी पोचल्याच होत्या.

"आई, एक मूठ जरी घातलीत तर मी चांदीला घेऊन पेणला जाईन." मी कवेतला पेंढा ओढून अंगणात टाकला. चुंबक पेंढा ओढायच्या दाताळ्याच्या टोकाला बांधला आणि पेंढ्यातून फिरवायला लागले. दाताळं वर काढलं तेव्हा चुंबक दिसतच नव्हता. तारांचे तुकडे, चुका, एक अर्धं ब्लेड. सगळे काटे बाहेर करून साळिंदरासारखे उभे.

मी ते त्यांच्या नाकासमोर धरलं. सासूबाईंनी ते बघितलं. मग चांदीकडे बघितलं, तिच्या फुगलेल्या पोटाकडे. त्या आत गेल्या. मला वाटलं, चला, एकदाची हरल्या.

त्या करंडा घेऊन बाहेर आल्या. दाताळ्यावरच्या चुंबकाला कुंकू लावलं. बायका गोळा झाल्या होत्याच.

"आयका गो," सासूबाई खड्या आवाजात म्हणाल्या. "देवाचा पेंढा असा नुसता ढोरापुढं टाकायचा नसतो. आधी त्याचं लोखंड उतरवायचं. आमच्या खारेपाटात पूर्वापार हाय. आपापला भारा उतरवून घ्या, न्‌ आपापल्या ढोराला घाला."

पूर्वापार! तो चुंबक रोह्याहून येऊन तासही झाला नव्हता. मी तोंड उघडलं. पण शांतीकाकूनं डोक्यावर पदर घेऊन चुंबकाला नमस्कार केला, आपला भारा मुकाट्यानं पुढे आणला, आणि तिच्यामागे रांग लागली. मी तोंड मिटलं. हात दुखेपर्यंत दाताळं फिरवलं.

सगळ्या गेल्यावर मी म्हटलं, "आई, खारेपाटात असं कधी होतं?"

"नाय."

"मग?"

"कालच्या सुनेचं कोन आयकतंय? पूर्वापार म्हटलं की आयकतात."

रागानं मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. "मग हे गेल्या वर्षी का नाही सुचलं तुम्हाला? चांदी मरता मरता वाचली!"

सासूबाई चांदीच्या पोटावरून हात फिरवत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गेल्या वर्षी मना तरी कुठं पटलं व्हतं?"